साहसी खेळ, कायदेशीर दायित्व आणि विमा: नंदुरबारच्या डोंगर-पाण्याच्या संदर्भात

प्रत्येक साहसी खेळात दोन प्रकारची जोखीम एकमेकींत मिसळलेली असते आणि दायित्व व विमा यांचा विचार ती वेगळी करण्यापासूनच सुरू होतो. पहिली जोखीम खेळाच्या स्वभावातच असते: कड्यावर चढणाऱ्याचा हात सुटू शकतो, घोडा बिथरू शकतो, वारा क्षणात दिशा बदलू शकतो. दुसरी जोखीम माणसाच्या हयगयीतून निर्माण होते: झिजलेला दोर वापरात राहतो, होडीत पेलवेल त्याहून जास्त माणसे बसवली जातात, धोक्याची पूर्वसूचना मिळूनही कार्यक्रम रद्द केला जात नाही. पहिली जोखीम खेळणारा समजून-उमजून पत्करतो. दुसरी त्याने कधीच पत्करलेली नसते, आणि तिच्यातून झालेल्या हानीची भरपाई कोणी करावी हाच दायित्वाचा मूळ प्रश्न आहे. विमा ही भरपाई प्रत्यक्षात कुटुंबाच्या हाती पडेल अशी सोय करतो, परंतु हयगय नाहीशी करण्याची शक्ती त्याच्यात नाही.

या प्रश्नाचे सर्व पदर एकाच ठिकाणी दिसतात ते काइटसर्फिंग या खेळात. यात खेळाडू पायाखाली फळी घेऊन पाण्यावर उभा राहतो आणि कमरेच्या पट्ट्याला अडकवलेल्या वीस-पंचवीस मीटर लांबीच्या दोऱ्यांनी एका मोठ्या पतंगाला बांधलेला असतो. वारा पतंगाला ओढतो आणि पतंग खेळाडूला. फ्रान्समधील लेगेन्यू बंधूंनी १९८४ मध्ये हवा भरून फुगवता येणाऱ्या पतंगाचे एकस्व घेतले, पुढच्या काही दशकांत हा खेळ जगभर पसरला आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्याची पहिल्यांदा स्पर्धा झाली. येथे चार वेगवेगळी नुकसाने संभवतात. जोरदार झुळुकीने उचलला जाऊन खेळाडू स्वतः जखमी होऊ शकतो. महागडे साहित्य फाटू किंवा वाहून जाऊ शकते. ताणलेल्या दोऱ्या किनाऱ्यावरच्या तिऱ्हाइताला गंभीर इजा करू शकतात. आणि शिकवणाऱ्या संस्थेने वाऱ्याचा अंदाज चुकवला किंवा पतंग तत्काळ सोडून देण्याची कळ तपासली नाही, तर संस्थेवर दावा उभा राहू शकतो. या चारही नुकसानांचा विमा वेगळा असतो. तिऱ्हाइताला होणाऱ्या इजेची शक्यता येथे ठळक असल्यामुळेच फ्रान्समध्ये या खेळाच्या महासंघाचा परवाना तिऱ्हाइताबद्दलच्या दायित्व विम्याशी जोडलेला आहे आणि ब्रिटनमध्ये राष्ट्रीय संघटनेच्या सदस्यत्वातून तशीच सोय होते.

नंदुरबार जिल्ह्याला समुद्र नाही, पण साहसाला लागणारा भूगोल त्याच्याकडे भरपूर आहे. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याच्या उत्तरेस सातपुडा आणि त्याच्या पायथ्याला नर्मदा आहे. सरदार सरोवराचे फुगवट्याचे पाणी अक्राणी व अक्कलकुवा तालुक्यांच्या दऱ्यांत शिरल्यामुळे तेथील अनेक पाड्यांसाठी होडी हेच रोजचे वाहन झाले आहे. तोरणमाळच्या पठारावर यशवंत तलाव आणि सीताखाईची खोल दरी आहे. अस्तंबा शिखराच्या यात्रेसाठी दिवाळीच्या सुमारास हजारो भाविक रात्रीचा खडा चढ चढतात. तापीवर प्रकाशा आणि सारंगखेडा येथे बॅरेज आहेत. आणि सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेतील घोडेबाजार आता चेतक महोत्सवाच्या रूपाने दूरदूरच्या पर्यटकांना बोलावतो. गिर्यारोहण, जलविहार, घोडेस्वारी आणि यात्रेतला चढ यांच्या सीमारेषा येथे पुसट आहेत, आणि कायद्याच्या दृष्टीने हीच या जिल्ह्याची खरी अडचण आहे. शुल्क घेऊन चालवलेली सहल, परंपरेने भरणारी यात्रा आणि दैनंदिन प्रवास या तिन्हींत एकच होडी आणि एकच नावाडी असू शकतो, पण प्रत्येक वेळी त्याचे कायदेशीर नाते बदललेले असते.

ही अडचण कागदोपत्री नाही. १५ जानेवारी २०१९ रोजी, मकर संक्रांतीच्या दिवशी, अक्राणी (धडगाव) तालुक्यातील भुषा येथे नर्मदेच्या पात्रात सुमारे साठ माणसांना घेऊन निघालेली होडी उलटली आणि त्या दुर्घटनेत किमान सहा जणांना प्राण गमवावे लागले. ते लोक साहसी खेळ खेळायला आलेले नव्हते, सणाच्या दिवशी नदीवर आलेले होते. तरीही होडीची क्षमता किती, प्रत्येकाला जीवरक्षक जाकीट होते का, चालकाचे प्रशिक्षण झालेले होते का आणि मृतांच्या कुटुंबांना भरपाई कोण देणार, हे प्रश्न कोणत्याही जलक्रीडा केंद्रात जसे उद्भवतात तसेच येथेही उद्भवले. उद्या याच पाण्यावर पर्यटकांच्या नौका वाढणार असतील, तर त्यांची उत्तरे आधी तयार असली पाहिजेत.

भारतात या उत्तरांचा पाया निष्काळजीपणाविषयीच्या दिवाणी कायद्यात आहे. त्यात दावा सिद्ध होण्यासाठी चार गोष्टी लागतात: आयोजकावर समोरच्या व्यक्तीची काळजी घेण्याचे कर्तव्य होते, त्याने ते पाळले नाही, त्यामुळेच अपघात घडला आणि त्यातून प्रत्यक्ष हानी झाली. काळजीची पातळी प्रसंगानुसार वाढते. पोहता येणाऱ्या प्रौढांच्या गटासाठी पुरेशी ठरणारी दक्षता शाळकरी मुलांच्या सहलीत अपुरी ठरते. याचे सर्वांत ठळक उदाहरण १९९५ मधील आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात पठाणकोटजवळील एका शाळेची सहल बियास नदीकाठी गेली असता चौदा मुले बुडाली. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये एम. एस. ग्रेवाल विरुद्ध दीपचंद सूद या प्रकरणात प्रत्येक मुलामागे पाच लाख रुपयांची भरपाई कायम केली, आणि मुले शाळेच्या ताब्यात असताना त्यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी शाळेवरच असते हे तत्त्व ठाम केले.

दुसरे उदाहरणही त्याच नदीचे आहे, आणि तापीकाठच्या जिल्ह्याने ते विशेष लक्षात ठेवावे असे आहे. ८ जून २०१४ रोजी हैदराबादहून हिमाचल प्रदेशात सहलीला आलेले अभियांत्रिकीचे २४ विद्यार्थी लारजी प्रकल्पातून अचानक सोडलेल्या पाण्यात वाहून गेले. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये प्रत्येकी वीस लाख रुपयांची भरपाई ठरवली आणि तिचा भार वीज मंडळ, महाविद्यालय आणि राज्य सरकार यांच्यात अनुक्रमे ६०, ३० आणि १० टक्के असा वाटून दिला. म्हणजेच एका अपघाताचे दायित्व एकाच पक्षावर पडते असे नाही. पाणी सोडणारा, मुलांना तेथे नेणारा आणि धोक्याच्या जागेवर देखरेख न ठेवणारा, असे सगळे त्यात वाटेकरी होऊ शकतात. पावसाळ्यात वरच्या भागातून विसर्ग वाढला की प्रकाशा व सारंगखेडा येथील दरवाजे उघडले जातात. त्यामुळे तापीच्या पात्रात किंवा काठावर कोणताही उपक्रम आखणाऱ्याने जलसंपदा विभागाच्या विसर्गाच्या सूचना रोज पाहणे आणि त्याची नोंद ठेवणे हा त्याच्या काळजीच्या कर्तव्याचाच भाग ठरतो.

दिवाणी भरपाईखेरीज फौजदारी बाजूही आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. जुन्या दंडसंहितेच्या कलम ३०४अ मध्ये ही कमाल मर्यादा दोन वर्षांची होती. ही शिक्षा कोणत्याही विम्याने दुसऱ्यावर ढकलता येत नाही. तिसरी वाट ग्राहक कायद्याची आहे. शुल्क देऊन सेवा घेणारा पर्यटक हा ग्राहक असतो आणि ग्राहक संरक्षण अधिनियम २०१९ नुसार तो सेवेतील त्रुटीबद्दल दोन वर्षांच्या आत आपल्या राहत्या जिल्ह्याच्या आयोगाकडे तक्रार करू शकतो. तोरणमाळला झालेल्या अपघाताबद्दल पुण्यात किंवा सुरतेत तक्रार दाखल होणे त्यामुळे शक्य आहे, आणि नंदुरबारमधील लहान व्यावसायिकाला तेथे जाऊन बाजू मांडण्याचा खर्चही सोसावा लागतो.

बहुतेक आयोजक या सगळ्यावर एकच उपाय योजतात, तो म्हणजे सहभागींकडून घेतलेले हमीपत्र. ‘काहीही घडल्यास आयोजक जबाबदार राहणार नाहीत’ असे वाक्य त्यात असते आणि त्याखाली सही घेतली की दायित्व संपले, अशी समजूत रूढ आहे. ही समजूत धोकादायक आहे. सही केल्याने सहभागीने खेळाची अंगभूत जोखीम जाणून स्वीकारली हे सिद्ध व्हायला मदत होते, आणि ज्या अपघातात कोणाचीही हयगय नव्हती तेथे आयोजकाचा बचाव बळकट होतो. परंतु स्वतःच्या हयगयीची जबाबदारी आधीच झटकून टाकणारी अट सार्वजनिक धोरणाविरुद्ध म्हणून भारतीय करार अधिनियम १८७२ च्या कलम २३ खाली आव्हानास पात्र ठरते. ग्राहकाचे हक्क लक्षणीयरीत्या डावलणाऱ्या करारास २०१९ च्या कायद्याने अनुचित करार ठरवले असून त्याच्या अटी रद्द करण्याचा अधिकार राज्य व राष्ट्रीय आयोगांना दिला आहे. अल्पवयीनाला तर करार करण्याची पात्रताच नसते; त्यामुळे शालेय शिबिरातील पालकांची सही म्हणजे पालकांना माहिती दिली होती याचा पुरावा, दायित्वातून सुटका नव्हे. ब्रिटनमध्ये १९७७ च्या कायद्याने ही शंकाच ठेवलेली नाही: व्यवसायातील निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूचे किंवा शारीरिक इजेचे दायित्व तेथे कोणत्याही कराराने टाळता येत नाही. १९९३ मध्ये लाइम बे येथे छोट्या होड्यांच्या सहलीत चार विद्यार्थ्यांचा मृत्यू झाला, तेव्हा सहल घडवणारी कंपनी आणि तिचा प्रमुख मनुष्यवधाच्या आरोपात दोषी ठरले आणि १९९५ मध्ये तेथील साहस केंद्रांसाठी स्वतंत्र कायदा झाला.

हमीपत्राने न सुटलेला प्रश्न मग विम्याकडे येतो. येथे पहिली दक्षता नावांबाबत घ्यावी लागते. १९९१ चा सार्वजनिक दायित्व विमा अधिनियम हा घातक पदार्थ हाताळणाऱ्या उद्योगांसाठी आहे, साहसी पर्यटनासाठी नाही. म्हणून त्या कायद्याचा उल्लेख असलेले प्रमाणपत्र एखाद्या शिबिरचालकाने दाखवले तर त्यातून पर्यटकाला काहीच संरक्षण मिळत नाही. शिबिरचालकाला हवी असते ती बिगर-औद्योगिक सार्वजनिक दायित्वाची पॉलिसी, म्हणजे त्याच्या व्यवसायामुळे तिऱ्हाइताला झालेल्या इजेची कायदेशीर भरपाई आणि दाव्याचा बचावखर्च विमा कंपनीने देण्याचा करार. अशा पॉलिसीत दोन मर्यादा असतात, एका अपघातापुरती आणि संपूर्ण वर्षापुरती, आणि दोन्ही तपासाव्या लागतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अपवादांचे कलम. अनेक सर्वसाधारण पॉलिसींत खेळात प्रत्यक्ष भाग घेणाऱ्यांची इजा वगळलेली असते. प्रेक्षक जखमी झाला तर भरपाई मिळते, पण दोरावर लटकणाऱ्यालाच इजा झाली तर मिळत नाही. सहभागींचा समावेश करणारी पुरवणी स्पष्टपणे मागून, जादा हप्ता भरून घ्यावी लागते. विमा हा परमविश्वासाचा करार असल्यामुळे उपक्रमांची खरी यादी अर्जात दिली पाहिजे. तलावातील होडी चालवतो असे लिहून प्रत्यक्षात कड्यावरून दोराने उतरवणाऱ्या चालकाचा दावा नाकारला जाणे स्वाभाविक आहे.

पर्यटकाच्या बाजूचा विमा वेगळा असतो. व्यक्तिगत अपघात विमा मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास ठरलेली रक्कम देतो. त्यात चूक कोणाची हे पाहिले जात नाही, मात्र अनेक पॉलिसी साहसी खेळ सरसकट वगळतात. आरोग्य विम्याची स्थिती थोडी निराळी आहे. विमा नियामक व विकास प्राधिकरणाने २०१९ मध्ये आरोग्य विम्यातील अपवादांची भाषा प्रमाणित केली. साहसी खेळांविषयीच्या प्रमाण कलमात गिर्यारोहण, राफ्टिंग, स्कूबा डायव्हिंग, घोड्यांच्या शर्यती इत्यादींचा उल्लेख आहे, पण वगळला आहे तो व्यावसायिक म्हणून सहभागी झाल्यामुळे लागणारा उपचारखर्च. हौशी पर्यटकाच्या हातात त्यामुळे एक भक्कम मुद्दा येतो. उलट, त्याला डोंगर चढवणारा स्थानिक वाटाड्या किंवा सारंगखेड्याच्या मैदानावर मोबदला घेऊन घोडा पळवणारा स्वार मात्र याच कलमामुळे संरक्षणाबाहेर राहण्याची शक्यता असते. जो माणूस वर्षभर धोक्याच्या सर्वांत जवळ असतो, त्याच्याच वाट्याला सर्वांत कमी विमा येतो. घोड्याचा पशुधन विमा घोड्याच्या मृत्यूची किंमत देतो, स्वाराची किंवा लाथ लागलेल्या प्रेक्षकाची नाही, हेही येथे लक्षात ठेवावे लागते.

डोंगरापर्यंतच्या प्रवासातही अशीच फट आहे. मोटार वाहन कायद्याने तिऱ्हाइतासाठी विमा सक्तीचा केला असला, तरी मालवाहू वाहनातून फुकट किंवा भाडे देऊन जाणाऱ्या प्रवाशांच्या बाबतीत विमा कंपनी बांधील नसते, असे सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी प्रकरणात स्पष्ट केले आहे. सातपुड्याच्या घाटांत पिकअपच्या मागच्या हौद्यात बसून जाणारे यात्रेकरू आणि गिर्यारोहक बहुधा या फटीतच बसलेले असतात. गटासाठी वाहन ठरवणाऱ्या आयोजकाने प्रवासी परवान्याचेच वाहन घेणे ही केवळ शिस्त नव्हे, भरपाई मिळण्याची ती पहिली अट आहे.

विम्याची रक्कम किती असावी, याचा अंदाज न्यायालयांच्या गणितावरून येतो. मोटार अपघातांसाठी सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निर्णयांत ठरलेली पद्धत अन्य मृत्यूंच्या दाव्यांतही मार्गदर्शक म्हणून वापरली जाते. समजा, महिन्याला वीस हजार रुपये मिळवणारा तीस वर्षांचा स्वयंरोजगारी पुरुष पत्नी आणि दोन मुले मागे ठेवून मरण पावला. वार्षिक उत्पन्न २ लाख ४० हजार. भविष्यातील वाढीसाठी ४० टक्के मिळवल्यावर ३ लाख ३६ हजार. स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा केल्यावर २ लाख २४ हजार. आणि या वयासाठीच्या १७ या गुणकाने गुणल्यावर सुमारे ३८ लाख रुपये. अन्य किरकोळ शीर्षके यात धरलेली नाहीत. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला वीस रुपयांच्या हप्त्यात अपघाती मृत्यूसाठी दोन लाख रुपये मिळतात. ही योजना प्रत्येक नावाड्याच्या व वाटाड्याच्या घरी असलीच पाहिजे, पण दोन लाख आणि अडतीस लाख यांमधील अंतरच सांगते की ती दायित्व विम्याची जागा घेऊ शकत नाही. एका होडीत दहा माणसे असतील तर हे अंतर दहापट होते, आणि विमा नसलेल्या नावाड्याविरुद्ध मिळालेला हुकूमनामा त्याचे घर बुडवतो व मृताच्या घरीही काही पोहोचवत नाही.

महाराष्ट्र शासनाने २४ ऑगस्ट २०२१ रोजी साहसी पर्यटन उपक्रम धोरण जाहीर केले. त्यात जमीन, पाणी आणि हवा अशा तिन्ही क्षेत्रांतील उपक्रमांसाठी आयोजकांची पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी, प्रशिक्षित मनुष्यबळ, साहित्याचे निकष आणि बचावयोजना यांची चौकट आहे. यांत्रिक नौकांसाठी २०२१ च्या अंतर्देशीय जलयान अधिनियमात नोंदणी, तपासणी, चालकांची पात्रता आणि विमा यांविषयीच्या तरतुदी आहेत, आणि प्रशिक्षणासाठी गोव्यात केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे. न्यूझीलंडने एक वेगळी वाट घेतली आहे: तेथे १९७४ पासून अपघाती इजेची भरपाई चूक कोणाची हे न पाहता सार्वजनिक निधीतून दिली जाते, आणि त्याच्या जोडीला साहसी उपक्रमांचे सक्तीचे सुरक्षा परीक्षण होते. भारतात तसा निधी नाही. म्हणून येथे नोंदणी, परीक्षण आणि विमा यांना एकमेकांत गुंफणे हाच मार्ग उरतो, कारण नोंदणीशिवाय विमा कंपनी दावा नाकारू शकते आणि विम्याशिवाय नोंदणी कागदावरच राहते.

नंदुरबारसाठी या सर्वांचा अर्थ व्यवहारात उतरवायचा, तर सुरुवात मोठ्या प्रकल्पांपासून नव्हे, होडीपासून करावी लागेल. एकट्या नावाड्याला दायित्व विम्याचा हप्ता परवडत नाही आणि विमा कंपनीलाही एक-एक होडी तपासणे परवडत नाही. पण धडगाव-अक्कलकुव्यातील नावाड्यांची सहकारी संस्था किंवा तोरणमाळच्या वाटाड्यांचा गट एकत्रित पॉलिसी घेऊ शकतो, आणि तिच्या अटी म्हणून प्रत्येक होडीवर क्षमतेचा आकडा रंगवणे, जाकिटांची संख्या मोजणे व चालकांचे प्रशिक्षण पूर्ण करणे आपोआप बंधनकारक होते. चेतक महोत्सवासारख्या सोहळ्यात आयोजकाने स्वाराचा, प्रेक्षकाचा आणि घोडेमालकाचा वेगवेगळा विचार करणारी अल्पमुदतीची पॉलिसी घेणे शक्य आहे. अस्तंब्याच्या यात्रेला आयोजक नाही, म्हणून तेथे प्रशासनालाच गर्दी, वाट आणि बचावपथक यांची जबाबदारी घ्यावी लागते. सरकारी मदत मिळेल या भरवशावर यांपैकी कोणतीही गोष्ट पुढे ढकलता येत नाही, कारण मदत ही अपघातानंतर येणारी कृपा असते आणि भरपाई हा अपघाताआधीच निश्चित केलेला हक्क असतो. सातपुड्याचे आदिवासी तरुण ज्या व्यवसायाकडे उद्याच्या रोजगाराच्या आशेने पाहत आहेत, त्यात हा हक्क पर्यटकाइतकाच त्यांच्याही नावावर लिहिला गेला, तरच ते साहसी पर्यटन जिल्ह्याच्या हिताचे म्हणता येईल.